पुरवठा तुटण्याचा धोका मोजणारी सेवा: मटेरियल प्लॅनिंगच्या टेबलावरून परीक्षण

हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात मी मटेरियल प्लॅनिंग सांभाळते. लाइनला लागणारा माल आला नाही की पहिला फोन मला येतो. त्यामुळे पुरवठा-जोखमीचं विश्लेषण करणारी एक ऑनलाइन सेवा कंपनीने घेतली, तेव्हा ती राबवायचं कामही साहजिकच माझ्याकडे आलं. सेवेचं नाव लिहीत नाही. या धर्तीच्या बहुतेक सेवांची मांडणी सारखीच असते आणि मी जे सांगणार आहे ते निवड करताना कुठल्याही सेवेला लावून बघता येईल.

सेवा घेण्यासारखी आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र डेमोत जे दाखवतात त्यासाठी घेऊ नका. डेमोत जगाचा नकाशा उघडतो, त्यावर सप्लायरांचे हिरवे-पिवळे-लाल ठिपके येतात, कुठे वादळ आलं की तिथला ठिपका लुकलुकतो. वरिष्ठांना हे आवडतं. आमच्या रोजच्या कामात खरा उपयोग झाला तो दोन आकड्यांचा. माल बनवणारी एखादी जागा बंद पडली तर ती पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागतील, आणि तोवर आमची लाइन किती दिवस तग धरेल? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर तिथे धोका आहे. हा हिशेब सेवेच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर दडलेला असतो, आणि विकणारी मंडळी घाईत असली तर ते पान उघडतही नाहीत.

ही कल्पना मुळात एमआयटीचे डेव्हिड सिम्ची-लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. फोर्डबरोबर काम करून त्यांनी ती 2014 मध्ये मांडली. भूकंप होण्याची शक्यता किती, आग लागण्याची किती, असं विचारत बसायचं नाही. प्रत्येक जागा बंद पडली असं धरायचं आणि कारण काहीही असलं तरी नुकसान किती होईल ते काढायचं. दुर्मीळ घटनांची शक्यता कोणालाच नीट सांगता येत नाही. त्या बंद पडलेल्या जागेवाचून आपण किती दिवस काढू शकतो हे मात्र आपल्याच स्टोअरमध्ये मोजता येतं. जपानमधल्या रेनेसासच्या नाका कारखान्याचं उदाहरण मी आमच्या लोकांना नेहमी देते. वाहनांच्या चिप बनवणारा हा कारखाना 2011 च्या मार्चमध्ये भूकंपाने बंद पडला, आणि 2021 च्या मार्चमध्ये त्याच आवारात आग लागली. दोन्ही वेळा कारण वेगळं होतं, पण वाहन कंपन्यांपुढे प्रश्न एकच होता: चिप परत कधी मिळणार आणि तोवर काय?

फोर्डच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती, ती आमच्याकडेही तंतोतंत खरी ठरली. ज्या सप्लायरवर सर्वांत जास्त खर्च होतो तिथेच सर्वांत मोठा धोका असतो, असं नाही. आमच्या परचेसचं सगळं लक्ष कास्टिंग, मोटर आणि बेअरिंगवर असतं, कारण पैसा तिथे जातो. पीटर क्राल्यिच यांनी 1983 मध्ये मांडलेला, खरेदीच्या वस्तूंची वर्गवारी करणारा चौकोनी तक्ता आमच्याकडे अजून भिंतीवर आहे. पुरवठ्याचा धोका हा त्याचा एक अक्षच आहे. पण रोज भरताना हातात आकडा असतो तो खर्चाचा, मग धोक्याचा रकाना अंदाजाने भरला जातो आणि स्वस्त वस्तू आपोआप ‘किरकोळ’च्या घरात पडतात. सेवेने पहिला अहवाल काढला तेव्हा यादीच्या माथ्यावर होतं शाफ्ट सील. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती तेल गळू न देणारी, मुठीत मावेल एवढी रबराची कडी. आमच्या जवळजवळ प्रत्येक पंपात ती बसते आणि तिच्याशिवाय पंप टेस्ट बेंचवर चढतच नाही.

हे सील आम्ही दोन सप्लायरांकडून घेतो. अहवाल बघून परचेसचे सहकारी म्हणाले, “मॅडम, दोन सोर्स आहेत, कागदावर निम्मं-निम्मं वाटलेलं आहे, मग हे लाल का दाखवतंय?” त्यांचं बोलणं रास्त होतं, ऑडिटमध्येही आम्हाला याबद्दल शाबासकी मिळाली होती. पण सेवेच्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता: रबराचं कंपाउंड कुठे मिसळलं जातं, त्या जागेचा पत्ता द्या. दोन्ही सप्लायरांनी आपापला फॉर्म भरला आणि नकाशावरच्या दोन्ही रेघा एकाच मिक्सिंग प्लांटवर येऊन मिळाल्या. नळ दोन, टाकी एक.

माझ्या मते सेवेने पैसे वसूल केले ते इथेच. आणि ही काही फक्त आमची गोष्ट नाही. जर्मनीत मार्ल इथल्या इव्होनिक या रसायन कंपनीच्या कारखान्यात 31 मार्च 2012 रोजी स्फोट होऊन आग लागली. त्यात दोन कामगार दगावले. तिथे सीडीटी नावाचं रसायन बनायचं. त्यापासून नायलॉन-12 बनतं, आणि त्यापासून गाड्यांच्या इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या. नळ्या बनवणारे अनेक होते, त्यामुळे वाहन कंपन्यांना वाटायचं आपल्याकडे पर्याय आहेत. दोन-तीन पायऱ्या मागे गेल्यावर मात्र सगळे मोजक्याच रसायनवाल्यांपाशी येऊन थांबत होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्यांना पर्यायी प्लास्टिकला मंजुरी कशी द्यायची हे ठरवायला एकत्र बसावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी जपानच्या भूकंपानंतर तर रंगात चमक आणणारं एक पिगमेंट मिळेना. मर्कचं ते पिगमेंट ओनाहामाच्या एकाच कारखान्यात बनायचं, आणि ते थांबल्यावर फोर्डने काही गडद रंगांच्या गाड्यांच्या ऑर्डर घेणं थांबवलं. इंजिन, चाकं, सीट सगळं होतं, फक्त रंगातली चमक नव्हती.

मागच्या पायऱ्यांची माहिती गोळा करणं मात्र सोपं नाही, आणि सेवा विकणारे ते सोपं असल्यासारखं बोलतात. आमच्या सप्लायरांपैकी अनेकांनी फॉर्म नुसता ठेवून दिला. त्यांची भीती मला समजते. माझ्या मालाचा उगम तुम्हाला कळला तर उद्या तुम्ही थेट तिकडेच गेलात तर? या बाबतीत सेवेने एक चांगली सोय ठेवली आहे. सप्लायर आपल्या मागच्या सप्लायरचं नाव झाकून फक्त जागेचा पत्ता देऊ शकतो, आणि आम्हाला दिसतं ते एवढंच की दोन रेघा एका जागी मिळतात. ही सोय कळल्यावर फॉर्म यायला लागले. तरीही बरेचसे मला स्वतः फोन करून, एकेक रकाना समजावून सांगत भरून घ्यावे लागले. हे काम सॉफ्टवेअर करत नाही. ते माणसालाच करावं लागतं आणि त्यासाठी माणसाचा वेळ राखून ठेवावा लागतो.

आता तग धरण्याच्या दिवसांकडे येते. सेवा आमच्या ईआरपीतून, म्हणजे कंपनीचा साठा-खरेदीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, स्टोअरचा साठा, वाटेतला माल, लाइनवरचा अर्धवट माल आणि तयार पंप हे सगळं उचलते. मग एक जागा बंद पडली असं धरून उरलेले सील कुठल्या पंपाला दिले तर नुकसान सर्वांत कमी होईल, हे गणिताने काढते. गणित चांगलं आहे. एकच सील पाच प्रकारच्या पंपांत बसत असेल तर हे वाटप हाताने करणं जवळपास अशक्य असतं. पण साठा उचलताना ती क्वालिटीने अडवून ठेवलेला मालही वापरण्याजोगा धरत होती. तपासणी बाकी असलेली एक मोठी लॉट त्यात मोजली गेल्याने सीलचे दिवस जवळपास दुप्पट दिसत होते. आमच्या स्टोअरच्या माणसाने पडद्याकडे बघून लगेच सांगितलं, “एवढा माल माझ्याकडे नाहीये.” तेव्हा ही फट सापडली. सेवा घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे तपासावं: अडवलेला माल, ग्राहकाच्या नावाने राखून ठेवलेला माल आणि जुन्या ड्रॉइंगचा माल वेगळा होतोय का? खोट्या साठ्यावर काढलेले दिवस हे न काढलेल्या दिवसांपेक्षा घातक असतात, कारण त्यांच्यावर लोक विसंबतात.

पुन्हा सुरू व्हायला लागणारे दिवस हा दुसरा आकडा सप्लायरच देतो, आणि तो जवळजवळ नेहमीच आशावादी असतो. मिक्सिंग प्लांट गेला तर किती दिवस लागतील, यावर आमच्या एका सप्लायरचं उत्तर होतं चार आठवडे. इथे सेवेचा अ‍ॅनालिस्ट कामाला आला. त्याने चार आठवड्यांची फोड करून मागितली: दुसरीकडे मिक्सर मिळेपर्यंत किती, पहिली बॅच निघेपर्यंत किती, साच्यातून सील काढून मापं घ्यायला किती, आणि ग्राहकाची मंजुरी मिळेपर्यंत किती? शेवटचा प्रश्न सप्लायरने विचारातच घेतला नव्हता. रबराचं कंपाउंड बदललं की आमच्याकडे सीलची सहनशक्ती चाचणी पुन्हा होते. ती 1000 तासांची आहे. अहोरात्र बेंच चालू ठेवला तरी जवळजवळ 42 दिवस, आणि मध्ये एखादं सील गळलं तर परत शून्यापासून. पुढे पीपॅपचे, म्हणजे भाग मंजूर करून घेण्याचे कागद, मग ग्राहकाची सही. म्हणजे यंत्र उभं करण्यापेक्षा मंजुरीलाच जास्त वेळ. हे आमच्या टेस्टिंगच्या लोकांना ठाऊक होतं, परचेसला तुकड्यातुकड्याने ठाऊक होतं, पण सगळं एका ओळीत मांडून त्याची बेरीज कोणी केली नव्हती.

बेरीज केल्यावर उपायही लगेच दिसला, आणि तो अवघड नव्हता. न शिजवलेलं कंपाउंड फार काळ टिकत नाही, त्याचा साठा करून उपयोग नाही. तयार सील मात्र टिकतं. रबराच्या साठवणुकीसाठी आयएसओ 2230 हे मानक आहे, त्यात एफकेएम हे तेल आणि उष्णता सोसणारं रबर सर्वांत टिकाऊ गटात येतं आणि नीट पाकिटबंद, अंधारात, थंड जागी ठेवलं तर पहिली मुदत 10 वर्षांची धरली जाते. सीलला जागा लागते ती एका कपाटाची. त्यामुळे मंजुरीचा सगळा काळ भरून निघेल एवढे सील आम्ही साठवले आणि त्याच जोडीला दुसऱ्या मिक्सरचं कंपाउंड, काही अडलेलं नसताना, निवांतपणे चाचणीला लावलं. कास्टिंगच्या बाबतीत हाच उपाय चालला नसता. तिथे माल जड आणि महाग, साठा करायचा तर गोदाम लागेल. तिथे आम्ही पॅटर्नचा (ओतकामाच्या नमुन्यांचा) दुसरा संच वेगळ्या फाउंड्रीत ठेवायचं ठरवलं. सेवा हे उपाय सुचवत नाही. धोका कुठे आणि किती दिवसांचा आहे एवढंच ती दाखवते, पुढचं ज्ञान कारखान्याचं असावं लागतं. मला यात काही वावगं वाटत नाही, पण विक्रीपत्रकात ‘उपाययोजना’ असा शब्द छापला आहे, तो मी गंभीरपणे घेणार नाही.

छोटीशी वस्तू केवढं अडवू शकते, हे ज्यांना पटत नाही त्यांना टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या आगीची आठवण करून द्यावी. 1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमधल्या कारिया इथला त्यांचा कारखाना जळाला. तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा आणि टोयोटा त्यासाठी जवळजवळ पूर्णपणे या एकाच कारखान्यावर अवलंबून होती. साठा नावापुरता. काही दिवसांतच टोयोटाच्या बहुतेक लाइन थांबल्या. आसपासच्या सप्लायरांनी आपापल्या यंत्रांवर, मिळेल त्या हत्यारांनी तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला, म्हणून साधारण आठवड्याभरात गाडी रुळावर आली. ही कथा सहकार्याची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला त्यात दिसतं ते वेगळं: ड्रॉइंग कोणाकडे होती, फिक्स्चर कोण बनवू शकत होतं, तपासणीचे गेज कुठे होते? आपल्या वस्तूबद्दल ही उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असावीत असं मला मनापासून वाटतं.

आणि इथेच या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे. ती जागा मोजते, साचे मोजत नाही. आमच्या किती तरी प्लास्टिकच्या आणि डाय-कास्टिंगच्या भागांना एकच साचा आहे. कारखाना वाचला पण साचा फुटला तरी माल बंद. उलट कारखाना गेला पण साचा वाचला तर तो दुसरीकडे नेता येतो. मे 2018 मध्ये अमेरिकेतल्या ईटन रॅपिड्स इथल्या मेरिडियन मॅग्नेशियमच्या कारखान्यात आग लागली आणि फोर्डच्या एफ-150 ट्रकचं उत्पादन थांबलं. तेव्हा ढिगाऱ्यातून डाय (ओतकामाचे धातूचे साचे) काढल्या गेल्या, आणि त्यातली सुमारे 39 टनांची एक डाय अँटोनोव्ह मालवाहू विमानात घालून इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात नेली. डेट्रॉइटजवळची लाइन त्याच महिन्यात पुन्हा सुरू झाली. हे जमलं, कारण कुठली डाय कुठल्या यंत्रावर बसेल हे माहीत असलेली माणसं होती. आमच्या सेवेत साचा ठेवायला रकानाच नाही. मी ‘शेरा’च्या रकान्यात साच्याचा नंबर, मालक, किती टनांच्या प्रेसवर बसतो ते टाकते, पण शेऱ्यावर गणित चालत नाही.

बातम्यांच्या अलर्टबद्दल थोडक्यात. सुरुवातीला रोज इतके यायचे की कोणी उघडेना. कारण असं, की सेवा सप्लायरच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता धरून बसली होती. कार्यालयाच्या शहरात संप झाला तरी अलर्ट यायचा, जिथे माल बनतो तिथे पूर आला तरी गप्प. कारखान्याचे पत्ते भरले, तग धरण्याचे दिवस कमी असलेल्या भागांपुरतेच अलर्ट ठेवले, तेव्हा ते वाचण्याजोगे झाले. अलर्टची किंमत मी कमी लेखत नाही. मार्च 2000 मध्ये अल्बुकर्कीमधल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून लागलेली आग काही मिनिटांत विझली होती, पण धूर आणि पाण्याने क्लीन रूम खराब झाली. नोकियाने तातडीने धावपळ करून पर्याय उभे केले, एरिक्सनकडे पर्यायच नव्हता आणि त्यांचं मोठं नुकसान झालं. बातमी दोघांनाही मिळाली होती. फरक पडला तो बातमीनंतर काय करायचं हे ठरवण्यात.

वाहतुकीचा भाग ठीक आहे. 2023 च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवासाचे साधारण दहा दिवस ते दोन आठवडे वाढले. सेवेने लीड टाइम (माल मागवल्यापासून येईपर्यंतचे दिवस) आपोआप बदलून दाखवले आणि कुठल्या भागाचा सेफ्टी स्टॉक, म्हणजे राखीव साठा, अपुरा पडेल ते लगेच कळलं. इथे तक्रार नाही.

आर्थिक रेटिंगबद्दल मात्र आहे. ज्या सप्लायरचा ताळेबंद जाहीर होत नाही, त्याला सेवा मधला आकडा देते आणि ठिपका पिवळा करते. आमचे निम्म्याहून अधिक सप्लायर असे छोटे, घरगुती मालकीचे आहेत. ‘माहिती नाही’ आणि ‘बरा आहे’ हे एकाच रंगात दाखवणं मला मान्य नाही. राखाडी रंग द्या, म्हणजे निदान कोणी तरी चौकशी करेल. तशीच नापसंती त्या गुणाकाराच्या तक्त्याबद्दल: परिणाम 1 ते 5, शक्यता 1 ते 5, दोन्ही गुणायचे. क्वचित घडणारी पण लाइन महिनोन्‌महिने बंद पाडणारी घटना आणि रोज होणारी पण नगण्य कटकट, दोन्हींचे गुण 5. एफएमईए या, बिघाड होण्याआधीच त्याचा अंदाज घेण्याच्या पद्धतीतला असाच सरसकट गुणाकार अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या 2019 च्या एआयएजी-व्हीडीए पुस्तिकेने काढून टाकून कृतीचा अग्रक्रम ठरवायची पद्धत आणली, ती याच कारणासाठी. या सेवेने अजून जुनंच धरून ठेवलंय. आम्ही तो तक्ता मीटिंगमध्ये लावणं बंद केलं आहे.

कोणी घ्यावी? ज्यांचं बीओएम (कुठल्या वस्तूत कुठले भाग किती लागतात याची यादी) स्वच्छ आहे, साठ्याच्या नोंदी खऱ्या आहेत आणि सप्लायरांना फोन करायला एक माणूस देता येतो, त्यांनी जरूर घ्यावी. ज्यांचे सप्लायर मोजकेच आहेत त्यांनी आधी स्प्रेडशीटवर सुरुवात करावी: भाग, बनण्याची जागा, परत सुरू होण्याचे दिवस, तग धरण्याचे दिवस. चार रकाने पुरतात. आमच्याएवढं जाळं झालं, एकेक सील पाच पंपांत आणि एकेक कास्टिंग तीन कारखान्यांत जाऊ लागलं, की स्प्रेडशीट हात टेकते.

करार नव्याने करताना आम्ही दोन अटी घालून घेतल्या. सप्लायरांकडून गोळा केलेली सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे, आणि झाकलेली नावं सेवेने दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाच्या नकाशासाठी वापरायची नाहीत. दोन्ही मान्य झाल्या. साच्यांचा रकाना पुढच्या आवृत्तीत देऊ असं ते म्हणालेत. त्यासाठी कुठली माहिती लागेल याची यादी मी प्रेस शॉपच्या सुपरवायझरसोबत बसून त्यांना पाठवली आहे.